कोरडा सांधा

त्या भागात त्याला सगळे 'सांधेवाले' म्हणत. धंदा नळजोडणीचा. तीस वर्षांत त्याने जोडलेला एकही सांधा गळला नाही अशी त्याची ख्याती, म्हणून हे नाव पडलं. नावापायी घोटाळेही व्हायचे. एकदा एक म्हातारी लांबून विचारत विचारत आली, पायरीवर टेकली, पाय लांब केला आणि म्हणाली, "डावा गुडघा. उजवा अजून बरा आहे." त्याने तिला चहा पाजला, गुडघ्यातलं आपल्याला काही कळत नाही हे समजावून सांगितलं, आणि तिला घरी सोडायला गेला तेव्हा तिच्या मोरीतला गळका नळ नीट करून आला. म्हातारी पुढे सगळ्यांना सांगत सुटली की औषध न देणारा असा डॉक्टर पाहिला नाही.

त्याला एकच मुलगी. ती एका संस्थेत डोळे तपासायचं आणि चष्मे बनवायचं काम करी. शहरापासून दोन तासांवर नदी होती, आणि नदीपलीकडच्या डोंगरात अकरा वस्त्या. तिथे चाळिशी उलटली की बायका सुईत दोरा ओवायचं सोडून देत आणि पुरुष कागदावर सही कुठे करायची ते दुसऱ्याला विचारत. म्हातारपण असंच असतं, अशी सगळ्यांची समजूत. मुलगी एकदा पाठीवर पेटी घेऊन पायी तिकडे जाऊन आली. दोन वस्त्या झाल्या आणि पेटीतली निम्मी भिंगं फुटली. परत आली ती ठरवूनच. आता जायचं तर गाडीने, आणि सगळ्या वस्त्या पुऱ्या होईपर्यंत चार महिने तिकडेच राहायचं.

संस्था म्हणाली, भिंगं देऊ, फ्रेमा देऊ, गाडीचं तुमचं तुम्ही बघा.

गाडी सापडली मामाकडे. मामा म्हणजे तिच्या आईचा भाऊ. त्याच्या गॅरेजच्या मागच्या कुंपणाशी एक जुनी डिझेल जीप सहा वर्षं उभी होती. मांजराची तीन बाळंतपणं तिच्या मागच्या सीटवर झाली होती. मामाने बॉनेटवर थाप मारली.

"इंजिन ठणठणीत आहे, दाजी. बाकी सगळं आजारी आहे."

"म्हणजे तुमच्यासारखंच," सांधेवाले म्हणाला. "तोंड ठणठणीत."

तो विनोद त्याने केला खरा, पण त्याचं मन त्यात नव्हतं. मुलीने चार महिने नदीपलीकडे जाऊन राहावं हे त्याला पटलेलं नव्हतं. तसं तो बोलला मात्र नाही. न पटलेली गोष्ट गिळून टाकायची आणि कामाला लागायचं, हा त्याचा स्वभाव. बायको म्हणायची, "यांच्या पोटात काय चाललंय ते कळायला पाइप कापूनच बघायला हवा."

मुलीने एक वही आणून त्याच्यापुढे ठेवली. जीपमध्ये काय काय बदल करायचे त्याची यादी होती. प्रत्येक गोष्टीपुढे ती कशापासून बनवता येईल तेही लिहिलं होतं.

"बाजारात हे सगळं तयार मिळतं," ती म्हणाली. "पण ते हौशी लोकांसाठी, आपल्याला झेपणारं नाही. भंगारातून होईल. बाबा, तुम्ही हात लावलात तर नक्की होईल."

'तुम्ही हात लावलात तर' म्हटल्यावर तीस वर्षांत तो कुणाला नाही म्हणालेला नव्हता.

पाच आठवडे जीप अंगणात होती. सांधेवाले दिवसा आपली कामं करी आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत जीपला लागे. रविवार अख्खा तिच्यात जाई. पहिल्या दिवशी त्याने चेहरा पाडून वही उघडली. आठ दिवसांत तोच वहीत भर घालू लागला.

खडकावर आपटून इंजिनाचं पोट फुटू नये म्हणून खाली जाड पत्रा हवा होता. एका पाडलेल्या धुलाईघरातला बॉयलरचा पत्रा मिळाला. तो त्याने कापला, वाकवला आणि तेल सोडायच्या जागी हात जाईल एवढं भोक ठेवलं. चिखलात चाक रुतलं तर खाली घालायला एका कारखान्याने टाकून दिलेल्या सरकत्या पट्ट्याचे दोन लांब तुकडे आणले आणि त्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकल्या. जॅक मऊ मातीत घुसू नये म्हणून त्याच्याखाली ठेवायला जुन्या दाराची फळी घेतली. दवाखान्याने काढून टाकलेल्या खाटेच्या नळ्यांपासून टपावरचं सामानाचं कडं झालं. मागच्या सीट काढून तिथे एका कार्यालयाचं लोखंडी कपाट आडवं बसवलं, आणि त्याच्या खणांमध्ये जुन्या गादीचा फोम कापून भरला. प्रत्येक भिंगाची पेटी त्यात अशी बसे की वरून गाडी हलवली तरी आत टिचकीएवढाही आवाज होऊ नये. खण उघडला की त्यातून हलकासा हेअर ऑइलचा वास येई, कारण गादी मामाची होती.

एक्सलच्या मधोमध तेलाचा गोळा असतो, त्याला हवा घ्यायला बारीकशी वाट असते. तापलेला गोळा थंड पाण्यात गेला की त्या वाटेने पाणी आत ओढतो आणि तेलाचा चहा होतो. हे मुलीने वाचलेलं होतं. सांधेवाले एकदम खूश झाला. म्हणजे हे तर आपलंच काम! त्याने दोन्ही एक्सलना रबरी नळ्या जोडल्या, चासीच्या कडेकडेने नेल्या, जागोजागी बांधल्या आणि थेट बॉनेटखाली उंचावर आणून सोडल्या.

बायकोही मागे राहिली नाही. ती घरी मशीनवर दुकानांचे पडदे शिवायची. तिने जुन्या ताडपत्रीचं एक दुपदरी कापड शिवलं, पाण्यात शिरताना जीपच्या तोंडावर बांधायला, म्हणजे समोरचं पाणी जाळीतून थेट पंख्यावर येत नाही.

"झाला बाई गाडीला पदर," ती म्हणाली. "आता चारचौघांत न्यायला हरकत नाही."

सगळ्यात मोठं काम सोंडेचं. इंजिन हवा जिथून घेतं ते तोंड बॉनेटखाली असतं. पाणी तिथवर चढलं आणि इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं, की आतले लोखंडी दांडे वाकतात आणि इंजिन कायमचं बसतं. म्हणून एक नळी बाहेर काढून टपापर्यंत चढवायची. घरात सगळे तिला सोंडच म्हणत. जाड अंगाचा तीन इंची पाइप, पाच सांधे. इंजिनाजवळ उष्णतेने पाइप मऊ पडेल म्हणून तिथे ट्रकचा रबरी होस, आणि पुढच्या चाकावरच्या पत्र्याआड एक एल्बो, जिथून पाइप वळून बाहेर येई.

सोंड किती उंच हवी ते ठरवायला तो मामाला घेऊन नदी बघून आला. कोरड्या महिन्यांत लोक जिथून गाड्या घालत ती जागा रुंद होती, पाणी वरून शांत दिसत होतं. पण पन्नास पावलं खाली, वळणावर, एक ट्रक आडवा पडलेला होता. नुसता सांगाडा. केबिनच्या खिडकीतून पाणी आत जात होतं आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर येत होतं. काठावर चहा विकणारा म्हणाला, "ड्रायव्हर चांगला होता हो. मधेच इंजिन बंद पडलं. गाडी थांबली की पाणी तिला ढकलतं. माणूस तिसऱ्या दिवशी मिळाला."

परतीच्या वाटेवर मामा बोलत राहिला आणि सांधेवाले हं हं करत राहिला. घरी आल्यावर त्याने सोंड ठरल्यापेक्षा वीतभर उंच कापली. त्यानेही त्याला बरं वाटलं नाही.

शेवटचा आठवडा होता. सोमवारी संध्याकाळी मुलगी संस्थेत गेली होती, बायको आत होती. सांधेवाल्याने चार सांधे जोडले. प्रत्येक वेळी पाइपचं टोक कानसलं, पुसलं, आतून-बाहेरून पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलं, पाव वळसा देऊन दाबलं आणि मनात तीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवलं. पाचवा सांधा पत्र्याआडच्या एल्बोचा. तो त्याने नुसता दाबून बसवला, कोरडाच. बसला घट्ट. मग बोटाला सोल्युशन घेऊन बाहेरून कडेला गोल रेघ फिरवली. बघणाऱ्याला वाटावं, जोडलेला आहे.

त्याने सगळा हिशेब करून ठेवला होता. रविवारी खाणीच्या डबक्यात गाडीची चाचणी ठरली होती. पाणी जेमतेम कंबरेएवढं आणि तो शेजारी बसलेला. गाडी पाण्यात शिरेल, एल्बोच्या फटीतून पाणी ओढेल, आचके देईल आणि बंद पडेल. इंजिन जाईल. मुलगी रडेल, चिडेल. दुसरं इंजिन मिळेपर्यंत वर्ष जाईल, आणि वर्षभरात माणसाचे विचार बदलतात. इंजिन गेलं तर गेलं. पोरगी घरात राहील.

हात धुताना त्याला स्वतःच्या बोटांकडे बघवेना. सोल्युशन सुकून बोटावर पापुद्रा धरला होता. तो त्याने नखाने सोलून काढला. जेवायला बसला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, झाली सोंड? कसली भारी दिसतेय!" तो म्हणाला, "झाली."

गुरुवारी तो एका नव्या इमारतीच्या तळघरात मोठ्या टाकीची जोडणी करत होता. तिथे फोन लागत नव्हता. बारा वाजता डबा खायला वर आला तर मुलीचे तीन फोन येऊन गेले होते. त्याने लावला तर तिचा लागेना. घरी लावला.

"अहो, ती गेली," बायको म्हणाली. "सकाळी निरोप आला. वरच्या धरणातून उद्यापासून पाणी सोडणार आहेत, महिनाभर नदी उतरायची नाही. म्हणाली, आज नाही तर मग पुढल्या महिन्यातच. नऊ वाजता निघाली. तुम्हाला किती फोन केले तिने! नीट निरोपही घेता आला नाही म्हणून हिरमुसली होती. अहो? ऐकताय ना?"

त्याने डबा तसाच उघडा टाकला आणि सामानाचा टेम्पो काढला. हाताखालच्या माणसाला काही सांगितलं नाही. दोन तासांच्या रस्त्यात त्याने सतरा वेळा फोन लावला. नऊला निघाली म्हणजे अकराला पोचली असेल. आता साडेबारा. हे गणित तो पुन्हा पुन्हा करत होता आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं. मागे पाइपचे तुकडे एकमेकांवर आपटत होते. एका वळणावर त्याच्या लक्षात आलं की आपण मोठ्याने बोलतोय, आणि काय बोलतोय ते आपल्यालाच कळत नाहीये.

उतारावरून नदी दिसली तेव्हा त्याने आधी खालच्या वळणाकडे पाहिलं. तिथे जुनाच ट्रक होता, दुसरं काही नव्हतं. मग अलीकडच्या काठावर पाहिलं. जीप झाडाखाली उभी होती, बॉनेट वर. पुढच्या चाकावरचा पत्रा काढून गवतावर ठेवलेला होता. शेजारी दगडावर मुलगी बसली होती, मांडीवर घड्याळ, हातात सोल्युशनचा डबा.

सांधेवाल्याने टेम्पो थांबवला पण त्याला लगेच उतरता आलं नाही. 

"बाबा!" ती उठून आली. "तुम्ही इथे कसे? आईने पाठवलं? अहो, चेहरा काय झालाय तुमचा! पाणी प्या आधी."

तो पाणी प्यायला. ती सांगत होती. नदीत घालायच्या आधी तिने इंजिन चालू केलं आणि टपावर चढून सोंडेच्या तोंडावर रबराचा तुकडा दाबून धरला. हवेची वाट बंद झाली की इंजिन गुदमरून थांबायला हवं. थांबलं नाही. मस्त फुरफुरत राहिलं. म्हणजे दुसरीकडून कुठूनतरी हवा घेत होतं.

"आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार," ती म्हणाली. "तुम्हीच नाही का म्हणता, पाणी सोडून बघितल्याशिवाय सांधा झाला म्हणायचं नाही? मग एकेक सांधा हलवून पाहिला. चार पक्के. पाचवा हातात आला."

 पुढचं बोलताना तिने आवाज उतरवला.

"बाबा, रागावू नका. बाहेरून कडेला सोल्युशन लावलंय तुम्ही, आणि आत कोरडंच राहिलंय. म्हणजे लावताना तुम्हाला नीट दिसलं नाही. तुमचा चष्मा दोन वर्षांपूर्वीचा आहे, मीच केलेला. मला आधीच कळायला हवं होतं. जगाचे डोळे तपासत फिरते आणि घरात दिव्याखाली अंधार. चूक माझी आहे."

सांधेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. संशयाचा लवलेशही नव्हता. तीस वर्षांत एकही गळका सांधा न ठेवणाऱ्या बापाने मुद्दाम एक ठेवला असेल, हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. म्हातारा झालो, दिसत नाही, इतकं पुरलं असतं.

"वय झालं," तो म्हणाला.

"वय-बिय काही नाही. बसा इथे. सांधा सुकायला अजून तास आहे, तोवर तपासूनच टाकते. आता चार महिने मी तिकडे, आणि तुम्ही तसेच काम करणार. नको."

तिने जीपचं मागचं दार उघडलं, खण ओढला. त्याला दगडावर बसवून त्याचा चष्मा काढला, त्याच्याच नंबराची भिंगं घातलेली तपासणीची गोल चौकट त्याच्या नाकावर चढवली, बारीक अक्षरांचा तक्ता हातात दिला. अक्षरं वरून खाली लहान होत गेली होती. सांधेवाल्याला अगदी शेवटची ओळसुद्धा लख्ख दिसत होती. त्याने पहिल्या तीन ओळी वाचल्या. चौथीला अडखळला. पाचवीला मान हलवली.

"नाही दिसत."

"प्रयत्न करा."

"सगळं पुसट आहे गं."

तिने पेटीतून एक भिंग काढून चौकटीत सरकवलं. "आता?"

आता लवकर संपावं एवढंच त्याला हवं होतं. "हां," तो म्हणाला, "आता स्पष्ट." आणि त्याने पाचवी, सहावी आणि शेवटची ओळ न थांबता वाचून दाखवली.

मुलीने भिंग काढून घेतलं. 

"बाबा, ही साधी काच आहे," ती म्हणाली. "हिला नंबर नसतो. पहिली नेहमी हीच घालायची, अशी आमची पद्धत आहे. कुणाकुणाला गरज नसताना चष्मा हवा असतो, कुणाला काम टाळायचं असतं. ती माणसं कळतात यावरून."

पलीकडच्या काठावर कुणीतरी गुरं पाण्यावर आणली होती. त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

"तुमच्या डोळ्यांना नवं काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"हो."

"मग तो सांधा?"

सांधेवाल्याने चौकट नाकावरून काढली, घडी घालून पेटीवर ठेवली. "मी ठेवला तसा."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आणि बाहेरून रेघ?"

"ती पण मीच."

"का?"

"तू जाऊ नयेस म्हणून. रविवारी डबक्यात बंद पडली असती गाडी. मी शेजारीच असणार होतो. कंबरेएवढं पाणी आहे तिथे. तुला खरचटलंही नसतं, मी सगळा विचार केला होता..."

"बाबा, आज गुरुवार आहे."

 ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोसलं असतं. तिने भिंग पेटीत जागच्या जागी ठेवलं, खण बंद केला आणि विचारलं, "अजून कुठे काही?"

"नाही. आईशप्पथ नाही."

"शपथ नको," ती म्हणाली, आणि पाना घेऊन जीपखाली शिरली.

पुढचा तासभर तिने सगळी गाडी तपासली. एक्सलच्या नळ्यांची प्रत्येक क्लिप ढिली करून पुन्हा आवळली. बॉयलरच्या पत्र्याचे बोल्ट एकेक करून पाहिले. खाटेच्या नळ्यांना लोंबकळून बघितलं. ताडपत्रीच्या दोऱ्यांना हिसके दिले. आईने शिवलेल्या कापडालाही तिने सोडलं नाही. सांधेवाले दगडावर बसून होता. मोठमोठ्या इमारतींचे मुकादम त्याच्या कामाकडे न बघता सही करत. कुणी त्याचं काम असं खोलून बघितलेलं त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि तिला एकही चूक सापडली नाही. त्याचं त्याला समाधान वाटलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सांधा सुकला. तिने पुन्हा इंजिन चालू करून सोंडेवर रबर दाबलं. इंजिन दोन आचके देऊन थांबलं. तिने नुसती मान डोलावली.

गाडी घालण्याआधी कुणीतरी पायी जाऊन तळ बघायला हवा होता. सांधेवाले न विचारताच उठला. कमरेला दोर बांधून दुसरं टोक जीपच्या हुकात अडकवलं, टेम्पोतला एक लांब पाइप काठीसारखा घेतला आणि नदीत उतरला. पाणी त्याला कधीच आवडलं नव्हतं, नळातलं सोडून. मध्यावर ते बरगड्यांपर्यंत आलं आणि पाय उचलला की कुशीला रेटू लागलं. तो पाइप टेकवत पलीकडे पोचला, परत आला.

"डावीकडे खड्डा आहे," तो धापा टाकत म्हणाला. "मधला काळा खडक दिसतोय ना, त्याच्या उजव्या अंगाने घे. तिथे सगळी खडी आहे, चाक रुतायचं नाही."

तिने ऐकून घेतलं. मग त्याच्या कमरेचा दोर सोडला, स्वतःच्या कमरेला बांधला, आणि तोच पाइप घेऊन स्वतः पाण्यात उतरली.

सांधेवाल्याने दोर हातात धरला. ती एकेक पाऊल टाकत होती. खडकापाशी पाणी तिच्या छातीपर्यंत आलं, एकदा ती घसरली आणि दोर ताठ झाला. त्याने टाचा मातीत रोवल्या. ती सावरली, खडकाच्या उजवीकडून गेली, मग डावीकडे वळून पाइप खुपसला. पाइप अर्ध्याहून जास्त आत गेला. खड्डा होता. ती परत आली, ओली गच्च, दात वाजत होते.

"बरोबर आहे," ती म्हणाली. दोर सोडून त्याच्या हातात दिला.

"मी येऊ बरोबर?"

"नको."

पकड यावी म्हणून चाकांमधली हवा तिने थोडी कमी केली, पदर बांधला, पंखा पाण्यात फिरू नये म्हणून त्याचा पट्टा काढला. जीप हळू, एकाच वेगाने पाण्यात शिरली. समोर पाण्याची कमान उभी राहिली आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी मागे वळली. मध्यावर चाकं पूर्ण बुडाली, दारं बुडाली, सोंड तेवढी उंच दिसत राहिली. खडकापाशी गाडी किंचित तिरपी झाली. सांधेवाले इंजिनाचा आवाज ऐकत होता. तो एकदाही तुटला नाही. मग पुढची चाकं वर आली, गाडीने पाणी झटकलं आणि ती पलीकडच्या उतारावर चढली.

तिकडे ती उतरली. दारं उघडून आत शिरलेलं पाणी जाऊ दिलं, पट्टा बसवला, पदर सोडून त्याची घडी घातली. सांधेवाले हात वर करून उभा होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीत बसली. वळणापुढे गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज बराच वेळ येत होता.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तिने मशीन थांबवलं, ऐकलं, आणि म्हणाली, "भीती काय तुम्हालाच वाटते? मलाही वाटते. पण मी तिच्यासाठी दुहेरी शिवण घातली." त्यानंतर आठ दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

चार महिन्यांत मुलीचे फोन आईला येत. गाडीचं काही विचारायचं असेल तर ती मामाला विचारी. मामा दाजींकडे येऊन सांगे, दाजी उपाय सांगत, आणि मामा आपलाच असल्यासारखा तो तिला कळवी. त्या वाटेने सांधेवाल्याला बातम्या मिळत. सातशेच्या वर चष्मे झाले. एका बाईने चष्मा लावल्यावर आधी आपल्याच नवऱ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, हा असा आहे होय. ते ऐकून सांधेवाले हसला. किती दिवसांनी हसला हे बायकोने मोजलं असेल, पण सांगितलं नाही.

ती परत आली तेव्हा जीप चिखलाने माखलेली होती आणि एक दिवा फुटला होता. दोन दिवस तिने झोप काढली. तिसऱ्या दिवशी अंगणात आली. सांधेवाले पायरीवर बसून कामाची अवजारं पुसत होता. तिने वही त्याच्यापुढे धरली. नवी यादी होती. मागची नळी एका ठिकाणी घासली गेली आहे, कपाटाचा एक कोन सुटलाय, पुढचा पत्रा वाकलाय. हाडं खिळखिळी करणारे रस्ते, असं तिने खाली स्वतःशीच लिहिलं होतं.

"पुढच्या महिन्यात परत जायचंय," ती म्हणाली. "नंबर बदलतात लोकांचे. कराल?"

"करतो."

"मी बघणार प्रत्येक गोष्ट. झाल्यावर."

"बघ," तो म्हणाला.

तो जीपखाली सरकला. पाठीला फरशी गार लागली. घासलेली नळी कापून त्याने नवा तुकडा जोडला, दोन्हीकडे क्लिप आवळल्या आणि बाहेर आला. ती त्याच जागी खाली सरकली. तिला अंधारात नीट दिसेना, म्हणून त्याने वाकून बॅटरी धरली. तिने क्लिप ओढून पाहिली, नळी पिळून पाहिली, बोट फिरवलं.

"ठीक आहे," आतून आवाज आला. "आता पुढचं."